ऑडिशनचा नकार आणि घरातला अबोला

१४ जून २०२०, रविवार. लॉकडाऊनमुळे भिवंडीतले बहुतेक माग थंड पडले होते. परगावचे कितीतरी कामगार मिळेल त्या वाटेने गावी निघून गेले होते आणि उरलेली माणसे घरात टीव्हीसमोर बसून होती. दुपारी बातमी आली की सुशांतसिंह राजपूत हा ३४ वर्षांचा अभिनेता वांद्र्याच्या आपल्या घरात मृतावस्थेत सापडला. आपल्या वस्त्यांतल्या बायका त्याला 'पवित्र रिश्ता' या मालिकेतला मानव म्हणून ओळखत होत्या. चाळीत राहणारा, गॅरेजमध्ये राबणारा मराठी मुलगा त्याने त्यात उभा केला होता. त्यामुळे शेजारच्या खोलीतलेच कोणी गेल्यासारखी हळहळ तेव्हा घराघरांत झाली.

पुढचे तीन-चार महिने टीव्हीवर दुसरे काही नव्हते. आधी चर्चा झाली नेपोटिझमची. मोठ्या घराण्यांनी बाहेरून आलेल्या पोराला जगू दिले नाही, असे लोक म्हणाले. मग खुनाची चर्चा, मग अमली पदार्थांची. १९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती हिला सप्टेंबरमध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली आणि ती जवळपास महिनाभर भायखळ्याच्या तुरुंगात राहिली. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांच्या पथकाने खुनाची शक्यता नाकारली. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. त्यात कोणी त्याला आत्महत्येला भाग पाडल्याचा पुरावा सापडल्याचे म्हटलेले नाही.

त्याच्यावर मानसिक आजाराचे उपचार चालू होते, असे मुंबई पोलिसांनी २०२० मध्येच सांगितले होते. पण त्या सगळ्या गोंगाटात नैराश्य कसे ओळखायचे, उपचार कुठे मिळतात, घरच्यांनी काय बोलावे, हे किती वेळा सांगितले गेले? जवळजवळ नाहीच. राहून गेलेली ती गोष्ट आज या पानावर घेऊ. सिनेमाच्या निमित्ताने घेऊ, कारण मोबाइल हातात आल्यापासून आपल्या वस्तीतल्या बऱ्याच पोरापोरींच्या डोळ्यांत ते स्वप्न आहे.

घराणेशाही हा शब्द आपल्याला राजकारणातून चांगला माहीत आहे. सिनेमात त्यालाच नेपोटिझम म्हणतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंगना रनौतने करण जोहरच्या कार्यक्रमात त्यांच्या तोंडावर हा शब्द वापरला आणि तो घरोघर पोहोचला. गोष्ट मात्र जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये राजाच्या मुलाचे काम त्यांच्या स्वतःच्या मुलाने, भालचंद्रने केले होते. आणि तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून ते काम केले अण्णा साळुंके यांनी, जे एका खाणावळीत कामाला होते. म्हणजे पहिल्या सिनेमात घरचा मुलगाही होता आणि भटारखान्यातला माणूसही. पुढच्या शंभर वर्षांत घरच्या मुलांची रांग वाढत गेली. पृथ्वीराज, राज, ऋषी, रणबीर अशा एकट्या कपूर घराण्याच्या चार पिढ्या झाल्या.

बापाचा धंदा मुलाने शिकणे यात गैर काही नाही. वार्पिंगवाल्याचा मुलगा लहानपणापासून सूत ओळखतो, तसा नटाचा मुलगा कॅमेरा ओळखतो. या घराण्यांतून चांगले नटही झाले. फरक आहे तो संधी किती वेळा मिळते यात. निर्माता पैसे लावतो ते आधीच ओळखीच्या चेहऱ्यावर. मोठ्या घरातल्या मुलाचे नाव जन्मापासून वर्तमानपत्रात असते, त्यामुळे तो काम करण्याआधीच 'ओळखीचा' असतो. त्याचा पहिला सिनेमा पडला तर दुसरा मिळतो, दुसरा पडला तर तिसरा. मधल्या काळात त्याला घरभाडे द्यायचे नसते, नाच-व्यायाम-भाषा शिकवायला माणसे असतात. नकार त्यालाही मिळतो, पण त्याला तो स्वस्त पडतो.

आता भिवंडीचा मुलगा घ्या. कोणी एक नव्हे, असा मुलगा तुमच्याही गल्लीत असेल. मागावर किंवा माणकोली, राहनाळच्या एखाद्या गोदामात बारा तासांची पाळी. जयंतीच्या नाटकात त्याने काम केलेले, लोकांनी टाळ्या वाजवलेल्या, रील्सना हजारभर लाइक. ऑडिशन असते मुंबईत, वर्सोव्याच्या आराम नगरात. तिथल्या जुन्या बंगल्यांत कास्टिंगवाल्यांची ऑफिसे आहेत. भिवंडीहून ठाणे, ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, पुढे चालत. एक खाडा पडला म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. दोन-अडीच तास रांगेत उभे राहायचे. नाव, उंची, वय, मोबाइल नंबर सांगायचा, डावी-उजवी बाजू दाखवायची. कधी दारातच 'नॉट फिट' ऐकायचे आणि परत फिरायचे. कधी दोन ओळी बोलून झाल्या की 'कळवतो' एवढेच. ते कळवणे बहुधा येत नाही.

तो घरी येतो. आई विचारते, काय झाले? तो म्हणतो, "काही नाही." दहावेळा असे झाले की तो ऑडिशनला जातो हे सांगणेच बंद करतो. नंतर बोलणेच कमी करतो.

मनाला कशाने जखम होते ते नीट बघू. नापास झालेल्या मुलाला निदान गुणपत्रिका मिळते. गणितात बावीस, इंग्रजीत एकोणतीस, म्हणजे कुठे कमी पडलो ते कळते. ऑडिशनच्या नकाराला गुणपत्रिका नसते. कारण न सांगता नाकारले की माणूस कारण स्वतःत शोधतो. माझा रंग, माझे दात, माझी भाषा, माझे आडनाव, माझी वस्ती. काम आधीच कोणाच्या तरी भाच्याला ठरलेले असेल, हे त्याला माहीतच नसते. दुसरी गोष्ट, आपण काहीही केले तरी निकाल बदलत नाही असा अनुभव पुन्हा पुन्हा आला की मन हळूहळू प्रयत्नच सोडून देते, तेही सगळ्याच बाबतीत. अंघोळ, जेवण, मित्र, काम, सगळे 'कशाला?' होऊन बसते. आणि मधूनच एखादा फोन येतो, "शॉर्टलिस्ट झालात." पुढे काही होत नाही, पण त्या एका फोनवर माणूस आणखी सहा महिने काढतो. जुगाऱ्याचे मन जसे अधूनमधून लागणाऱ्या आकड्यावर टिकते, तसेच हे असते.

आपल्या मुलांच्या बाबतीत यात आणखी एक धागा आहे. जन्मावरून दार उघडणे किंवा बंद होणे ही गोष्ट आपल्याला कोणी इंग्रजी शब्दातून शिकवायची गरज नाही. मल्याळम भाषेतला पहिला सिनेमा 'विगतकुमारन'. त्याची नायिका पी. के. रोझी ही दलित मजूर घरातली होती आणि पडद्यावर तिने नायर कुटुंबातल्या बाईचे काम केले. तिरुवनंतपुरममध्ये सिनेमा लागला तेव्हा वरच्या जातीच्या लोकांनी पडद्यावर दगड मारले. तिला गाव सोडून तमिळ मुलखात पळून जावे लागले. तिने पुन्हा कधी सिनेमात काम केले नाही. तिने केलेले काम वाईट होते का चांगले, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

दुसऱ्या बाजूला आपल्याकडे 'फँड्री' झाला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी सोमनाथ अवघडे या खेड्यातल्या मुलाला घेतले आणि त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ च्या 'सैराट'मध्ये अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू आली. 'कोर्ट'मध्ये नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार मुख्य भूमिकेत होते आणि त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारांतले सुवर्णकमळ मिळाले. कॅमेऱ्यामागचा माणूस बदलला की समोरचा चेहरा बदलतो, हे यातून दिसले. याचा अभिमान असावाच. पण घराघरांत या नावांची काठी होते, ती मात्र वाईट. "रिंकूला जमले, तुला का नाही?" हे वाक्य ऐकलेल्या मुलाला रिंकूचे यश आधार देत नाही, आणखी खाली ढकलते. एका गावातून एक मुलगी निवडली जाते तेव्हा न निवडलेली हजारो असतात आणि त्यांच्यात काही खोट असतेच असे नाही. शिवाय आपल्याकडे शिकणाऱ्या, पुढे जाणाऱ्या मुलाच्या डोक्यावर 'समाजाचे नाव काढ' हे ओझे असते. बड्या घरचा मुलगा पडला तर तो एकटा पडतो. आपला पडला तर त्याला वाटते की आईचे कष्ट, बापाचे कर्ज, सगळ्या वस्तीची आशा आपल्याबरोबर पडली.

पण घराणेशाहीवर बोलून आजार बरा होत नाही. हे मला स्पष्ट लिहायचे आहे, कारण यात आपली दोन्हीकडून फसगत होते.

१७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाने आत्महत्या केली. त्याआधी त्याला वसतिगृहातून काढले होते, शिष्यवृत्तीचे पैसे थांबले होते. नंतर सरकारने नेमलेल्या एकसदस्य आयोगाने म्हटले की हे त्याच्या वैयक्तिक वैफल्यातून घडले. म्हणजे मनाची अवस्था पुढे केली आणि अन्याय मागे टाकला. सुशांतसिंहच्या वेळी नेमके उलटे झाले. लोकांनी अन्याय पुढे केला आणि आजार मागे टाकला. त्याला घराण्यांनी मारले असे म्हणणाऱ्यांना त्याच्या उपचारांचा उल्लेखसुद्धा बदनामी वाटत होता. 'एवढा हसरा पोरगा, त्याला कसले नैराश्य?' असे लोक विचारत होते. त्याच्या अखेरच्या काळातला 'छिछोरे' (२०१९) चांगला चालला होता आणि तो सिनेमा परीक्षेत अपयश आल्यावर जीव देऊ पाहणाऱ्या मुलाविषयीच होता. हसरा चेहरा, चाललेला सिनेमा, पैसा, यांतले काहीही आजाराला अडवू शकत नाही.

दीपिका पदुकोणचे उदाहरण घ्या. वडील प्रकाश पदुकोण बॅडमिंटनमधले नामवंत, स्वतःचे सिनेमे एकामागून एक चाललेले. तरी तिला नैराश्य आले आणि २०१५ मध्ये तिने ते जाहीरपणे सांगितले. ते प्रथम ओळखले तिच्या आईने. मुलगी नेहमीसारखी रडत नाही, हे वेगळे रडणे आहे, हे आईच्या लक्षात आले आणि तिने डॉक्टरांकडे जायला सांगितले. मोठी नटी असो की गोदामातला पोरगा, हे पहिले लक्षात येते ते घरातल्याच माणसाच्या.

म्हणून दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या धरायच्या. दार बंद होते हे खरे, ते बंद ठेवणाऱ्यांविरुद्ध बोलायचे. आणि आत जे दुखते आहे तो आजार आहे हेही खरे, त्याला औषध द्यायचे. मागात हात सापडला तर मालकाशी भांडण करतोच, पण आधी हाताला टाके घालतो.

आत्महत्येमागे एकच कारण नसते, हे डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात. आजार, कर्ज, अपमान, दारू, एकटेपणा असे अनेक धागे एकत्र येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. सर्वांत जास्त महाराष्ट्रात, २२,७४६. देशातल्या त्या मृतांपैकी साधारण चारांतला एक माणूस रोजंदारीवर काम करणारा होता. त्यांच्यावर चार महिने कोणी चर्चा केली नाही.

घरात काय बघायचे

दोन-चार दिवस उदास राहणे हा आजार नाही. नकार मिळाला, रडू आले, जेवण गेले नाही, आठवड्याने पुन्हा मित्रांत मिसळला, तर ते दुःख आहे आणि दुःख माणसाला होतेच. दोन आठवड्यांहून जास्त काळ, दिवसाचा बराच वेळ मन खाली राहिले किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस उरला नाही, तर सावध व्हा. त्याच्या जोडीला झोप उडालेली किंवा फार वाढलेली, पहाटे तीन-चारलाच जाग, भूक गेलेली, अंगात शक्ती नाही, कामात लक्ष लागत नाही, मी निकामी आहे, माझा भार झाला आहे असे बोलणे. पुरुषांत, पोरांत हे पुष्कळदा रडण्याऐवजी चिडण्यातून दिसते. भांडण, आदळआपट, रात्रभर मोबाइल, दारू. आपण त्याला माजलेला म्हणतो. झोप येत नाही म्हणून दारू घेणाऱ्याला त्या रात्री झोप लागते, पण दारू नैराश्य वाढवते, हे त्याला सांगणारे कोणी नसते.

डोके दुखते, छातीत धडधडते, पोट बिघडते, अशा तक्रारी घेऊनही हा आजार येतो. मग सलाइन लावतात, ताकदीची गोळी देतात, महिना जातो. कोणी म्हणते नजर लागली, दोरा बांधा. त्यात आणखी महिना जातो.

आणि एक गोष्ट बायकांसाठी, कारण बहुतेक वेळा हे विचारण्याचे काम त्यांच्यावरच पडते. "जीव द्यावासा वाटतो का?" हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. विचारले तर त्याच्या डोक्यात तो विचार आपणच घालू, असे वाटते. तसे होत नाही. विचार आधीच असेल तर विचारल्याने माणूस मोकळा होतो. असा विचार नसेल तर तो 'नाही' म्हणतो. प्रश्न सरळ विचारा, रागाने नको, इतरांसमोर नको. उत्तर 'हो' आले तर लगेच उपदेश सुरू करू नका. आईबापाचे उपकार, बहिणीचे लग्न, समाजाचे नाव यांतले काही काढू नका, कारण त्यानेच तो दबलेला आहे. "मी आहे, आपण उद्या डॉक्टरकडे जाऊ" एवढे बोललात तरी पुरे. त्या रात्री त्याला एकटे सोडू नका. घरातली औषधे, विषारी वस्तू कुलूप लावून दूर ठेवा. धोका वाटत असेल तर उद्याची वाट न बघता रात्रीच रुग्णालयात न्या.

मराठीत 'कासव' नावाचा सिनेमा आहे, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. २०१६ चे सुवर्णकमळ त्याला मिळाले. नैराश्यातल्या एका तरुणाला घरात ठेवून घेणारी बाई त्याला फार काही विचारत नाही, जेवू घालते, जवळपास असते. विहारात पडदा लावून दाखवण्यासारखा तो आहे. भाषणापेक्षा जास्त कळेल.

कुठे जायचे

घरबसल्या पहिला आधार म्हणजे टेलिमानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. कोणत्याही फोनवरून, दिवसरात्र, पैसे न लागता, मराठीत बोलता येते. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. बोलायला प्रशिक्षित माणसे असतात, गरज पडली तर डॉक्टरांशी जोडून देतात. रुग्णाने स्वतःच फोन करायला हवा असे नाही. घरच्यांना काय करावे कळत नसेल तर त्यांनीही करावा.

भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, ज्याला आपण आयजीएम म्हणतो, तिथे केस पेपर काढताना मानसिक आजाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा, नसतील तर कुठे पाठवतात ते लिहून घ्या. ठाण्याला १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 'याला ठाण्याला पाठवा' अशी चेष्टा आपण सगळेच ऐकत आलो, त्यामुळे तिथे जायची लाज वाटते. पण तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी जायचे, तपासून घ्यायचे, गोळ्या घ्यायच्या, एसटीने संध्याकाळच्या आत घरी. तिथे गेलेल्या प्रत्येकाला आत ठेवतात, ही समजूत चुकीची आहे.

पोलिसांची भीती हे अजून एक कारण, ज्यामुळे घरे गप्प बसतात. कोणी जीव देण्याचा प्रयत्न केला आणि वाचला, तर केस होईल म्हणून घरचे दवाखान्यात खोटे सांगतात, पाय घसरला, चुकून प्यायला. डॉक्टरला खरे कळले नाही तर उपचार चुकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधले कलम ११५ म्हणते की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच मानायचे, त्याला शिक्षा करायची नाही, सरकारने त्याची काळजी घ्यायची. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. जुन्या दंड संहितेतले ३०९ कलम, ज्याने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरत होता, ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसे ठेवलेलेच नाही. याच २०१७ च्या कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखेच धरावे असेही म्हटले आहे. दवाखान्यात कोणी टाळाटाळ केली तर या कायद्याचे नाव घ्या.

ऑडिशनला जाणाऱ्या पोरांसाठी थोडे. खरी ऑडिशन पैसे मागत नाही. 'कोऑर्डिनेटर' म्हणून कोणी नोंदणीचे, पोर्टफोलिओचे, कार्ड काढून देण्याचे पैसे आधी मागत असेल तर तिथून निघा. मुलींनी ऑफिसच्या वेळेनंतर, हॉटेलात किंवा एकट्याने जाऊ नये आणि मैत्रिणीला पत्ता पाठवून ठेवावा. अशा फसवणुकीत गेलेल्या पैशांची लाज हेही पुष्कळ अबोल्यांचे कारण असते. घरच्यांना ते कळले तर आधी पोराला जवळ घ्या, हिशेब नंतर विचारा. आणि महिन्याला किती खाडे, किती पैसे या स्वप्नावर घालायचे ते आधीच ठरवून घ्या, घरच्यांना सांगून. चोरून घातलेले पैसे जास्त जड होतात. दर रविवारी वस्तीतच नाटक, गाण्याचा जलसा, पथनाट्य करत राहा. निवडणारा कोणी मिळो न मिळो, तुमची कला लोकांसमोर येत राहील आणि त्या रविवारी कोणी तुम्हाला 'नॉट फिट' म्हणणार नाही.

आता गोळ्यांविषयी, कारण हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. नैराश्याच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांची दारूसारखी चटक लागत नाही. त्या लगेच काम करत नाहीत. साधारण दोन ते चार आठवड्यांनी फरक जाणवू लागतो, कधी आणखी वेळ लागतो. पहिल्या काही दिवसांत मळमळ, डोके जड, बेचैनी होऊ शकते. म्हणून लोक आठवड्यात गोळ्या टाकून देतात आणि 'काही उपयोग नाही' म्हणतात. बेचैनी फार वाढली किंवा जीव देण्याचे विचार वाढले तर तारखेची वाट न बघता डॉक्टरला सांगा. बरे वाटू लागले की आपल्या मनाने बंद करू नका. नैराश्याच्या गोळ्या साधारणपणे बरे वाटल्यावरही काही महिने चालू ठेवतात आणि नंतर डॉक्टर हळूहळू कमी करतात. सगळ्यांना गोळ्या लागतातच असेही नाही. हलक्या नैराश्यात समुपदेशनाने, म्हणजे शिकलेल्या माणसाशी ठरवून केलेल्या बोलण्याने भागते.

पहिल्या भेटीला घरातले एक जण सोबत जा. झोप किती, जेवण किती, हे कधीपासून, घरात आधी कोणाला असे झाले होते का, दारू-तंबाखू काय, हे कागदावर लिहून न्या, कारण तिथे गेल्यावर आठवत नाही. आधीच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका. डॉक्टरने त्याला एकट्याला बोलवले तर बाहेर थांबा, वाईट वाटून घेऊ नका. निघताना पुढची तारीख विचारून घ्या आणि त्या दिवसाचा खाडा मुकादमाला आजच सांगून ठेवा.